लहान पात्राची एन्ट्री कशी बसवायची: जुन्या चित्रपटांतून शिकण्याची एक पद्धत

शॉर्ट फिल्म करणाऱ्या नव्या मुलांच्या पटकथेत नायकाच्या पहिल्या दर्शनावर अर्धं पान खर्च झालेलं असतं. शिपाई, चहावाला, शेजारीण, दुकानातला पोऱ्या यांच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते: ‘शिपाई आत येतो.’ शूटिंगच्या दिवशी तो शिपाई खरंच नुसता आत येतो, दारात उभा राहून वाक्य म्हणतो आणि निघून जातो. एडिटला बसल्यावर पात्र उभं राहिलं नाही हे कळतं. मग पुढच्या फिल्ममध्ये त्याला दोन वाक्यं जास्त मिळतात, नाहीतर एक क्लोज-अप मिळतो. यातल्या कशानेही फरक पडत नाही.

लहान पात्राला वेळ देणं परवडत नाही, पण जागा देणं नेहमीच परवडतं. जागा म्हणजे चौकटीत तो कुठे आहे, कोणापासून किती अंतरावर, किती उंचीवर, कोणाच्या आड आणि हातात काय घेऊन. जुन्या जाणत्या दिग्दर्शकांनी दहा-पंधरा सेकंदांत माणसं उभी केली ती याच भांडवलावर. ते कसं हेरायचं आणि आपल्या फिल्ममध्ये कसं बसवायचं, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात पाहण्यापासून

जो चित्रपट तुम्ही आधी पाहिला आहे तोच घ्या. पहिल्यांदा पाहताना गोष्ट ओढून नेते आणि मांडणी दिसत नाही. लहान पात्र पहिल्यांदा दिसतं तिथे थांबा, वीस-पंचवीस सेकंद मागे जा, आवाज पूर्ण बंद करा आणि तेवढाच तुकडा तीन-चार वेळा पाहा. आवाज बंद करणं महत्त्वाचं आहे, कारण संवाद ऐकू आला की पात्राची माहिती आपल्याला शब्दांतून मिळाली की चित्रातून, हे वेगळं काढता येत नाही.

मग कागदावर त्या जागेचा वरून दिसणारा नकाशा काढा. भिंती, दार, खिडकी, टेबल, माणसांसाठी गोल, कॅमेऱ्यासाठी त्रिकोण. चित्रकला येत नसली तरी चालते. नकाशाशेजारी चार गोष्टी लिहा: पात्र दिसण्याआधी तिथे काय चाललं होतं, पात्राच्या हातात काय आहे, त्याला आधी कोण पाहतं, आणि तो थांबल्यावर कॅमेरा थांबतो की पुढे जातो. असे आठ-दहा नकाशे झाले की तुमची नजर बदलायला लागते.

आपल्याकडची बरीच मुलं एकांकिका स्पर्धांतून सिनेमाकडे येतात. मूव्ह, पोझिशन, विंग हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं आणि ती मोठी शिदोरी आहे. एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवावा लागतो. रंगमंचावर पुढची बाजू रुंद असते, तिथे दहा माणसं ओळीने उभी राहू शकतात. कॅमेऱ्यापुढची जमीन उलटी असते, लेन्सजवळ अरुंद आणि मागे जाल तशी पसरत जाणारी. लेन्सजवळ दीड माणसात चौकट भरते आणि त्याच चौकटीत मागे अख्खी वरात मावते. म्हणजे लहान पात्रासाठी मागे भरपूर जागा आहे. मुलं ती वापरत नाहीत आणि सगळ्यांना एका रेषेत उभं करून मोकळी होतात.

अंतर: ‘सिटिझन केन’मधला बाप

ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ १९४१ चा आणि छायालेखक ग्रेग टोलंड. त्यातला लहानपणीच्या घराचा प्रसंग नकाशा काढायला सर्वांत चांगला आहे. मुलगा बाहेर बर्फात खेळतो आहे. कॅमेरा खिडकीतून मागे सरकत घरात येतो, आई खिडकीपासून वळते आणि टेबलाशी येऊन बसते, शेजारी बँकेचा माणूस थॅचर. दोघं लेन्सच्या जवळ आहेत आणि कागदावर सही होणार आहे. मुलाला त्या थॅचरच्या ताब्यात द्यायचं, असं ठरलेलं आहे. मागे खोल, खिडकीच्या चौकोनात, चिमुकला मुलगा खेळताना दिसतच राहतो.

या मांडणीत बाप कुठे आहे? टेबल आणि खिडकी यांच्या मध्ये. तो उभा आहे. पुढे येऊन टेबलाशी बसावं एवढा त्याला मान नाही आणि मागे मुलापाशी जावं एवढं बळ नाही. तो कुरकुरतो, विरोध करतो, पण चौकटीतल्या त्याच्या जागेनेच तो हरलेला आहे. मग दर वर्षी ५०,००० डॉलर मिळणार हे कानावर पडतं, त्याचा सूर मवाळ होतो आणि तो जाऊन खिडकी लावून घेतो. सह्या आटोपल्यावर आई उठते आणि तीच खिडकी पुन्हा उघडते.

चित्रपटभर या बापाचा संबंध एवढाच. तरी माणूस पुरता कळतो. इथून घ्यायचं ते असं: लहान पात्राला दोन मोठ्या गोष्टींच्या मध्ये उभं करा, आणि त्या जागेवरून त्याला एकच कृती द्या, जिला दुसरं कोणीतरी उत्तर देईल. खिडकी लावणं एरवी काहीच नसतं. आईने ती उघडली म्हणून तिला अर्थ आला.

याच चित्रपटात जिम गेटिस हा राजकीय विरोधक प्रथम नीट दिसतो तो प्रचारसभेत. मोठा झालेला तो मुलगा, म्हणजे केन, मंचावरून गर्जतो आहे, गेटिस वर उंच गॅलरीत उभा आहे आणि तिथून केन खाली इवलासा दिसतो. गेटिस ऐकून घेतो, टोपी डोक्यावर ठेवतो आणि निघून जातो. पुढे काय होणार याचा अंदाज त्या एका उंचीत आलेला असतो.

हातात काम द्या

हा टप्पा सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. पात्र प्रथम दिसताना ते गोष्टीची वाट पाहत बसलेलं नसावं. त्याचं स्वतःचं काहीतरी चालू असावं आणि गोष्ट त्यात येऊन अडखळावी.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) मधले प्रसन्न गुरुजी आठवा. वाण्याचं दुकान आणि पाठशाळा दोन्ही एकाच जागी. गुरुजी माल तोलता तोलता मुलांना शुद्धलेखन घालतात, गिऱ्हाइकाशी बोलतात आणि मध्येच छडीही चालते. मुलांसाठी वेगळी जागा नाही आणि गुरुजींच्या डोक्यातही नाही. ‘हे गुरुजी शिकवण्यापेक्षा दुकानात रमतात’ असं कोणाला म्हणावं लागत नाही.

व्हिट्टोरिओ डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) मध्ये तर पात्राला नावही नाही. सायकल सोडवण्यासाठी नवरा-बायको घरातल्या चादरी गहाण टाकतात. खिडकीपलीकडचा कर्मचारी गठ्ठा उचलतो आणि उंचच उंच मांडणीवर चढू लागतो. खालपासून वरपर्यंत सगळीकडे असेच गठ्ठे. त्याच्या चेहऱ्यावर काही नाही, रोजचं काम आहे. युद्धानंतरच्या रोमची गरिबी तेवढ्या चढण्यातून कळते आणि तो माणूसही लक्षात राहतो.

तेव्हा ज्युनिअर आर्टिस्टला ‘जरा दुःखी दिस’ असं सांगू नका. त्याला काम द्या आणि ते काम त्याला खरंच येतं का हे आधी विचारा. पान लावणारा माणूस हवा असेल तर पान लावता येणारा माणूस आणा. हात सराईत असले की चेहरा आपोआप मोकळा होतो.

एकच दार, तीन माणसं

अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराय’ (१९५४) पात्रांची ओळख करून देण्याची शाळाच आहे. सात योद्धे, शिवाय गावकरी, आणि प्रत्येक जण वेगळा लक्षात राहायला हवा. त्यातली दाराची युक्ती मी प्रत्येक नव्या दिग्दर्शकाला दोन-तीनदा पाहायला लावतो.

म्होरक्या कांबेई गावासाठी योद्धे निवडतो आहे. तो कात्सुशिरो या पोराला दाराच्या आत, भिंतीआड उभं करतो, हातात लाकडी दांडका देतो आणि सांगतो, जो आत येईल त्याच्या डोक्यात पूर्ण ताकदीने हाण. स्वतः आत बसून राहतो. आपल्याला आतली बाजूही दिसते आणि दाराबाहेरचा रस्ताही, त्यामुळे येणाऱ्या माणसाला माहीत नाही ते आपल्याला माहीत असतं.

पहिला योद्धा येतो आणि चपळाईने वार परतवतो. कौशल्य आहे यात शंका नाही. पण तो अपमानाने चिडतो आणि शेतकऱ्यांसाठी लढायचं आहे हे कळल्यावर तर निघूनच जातो. दुसरा गोरोबेई. तो दाराशी येतो, उंबऱ्याबाहेरच थांबतो आणि हसून म्हणतो, थट्टा पुरे. एकही वार होत नाही. माणूस सावध आहे, अनुभवी आहे, त्याचा स्वभाव खेळकर आहे, हे सगळं उंबऱ्याअलीकडच्या त्या थांबण्यात आहे. पुढे किकुचियो येतो, झोकांड्या खात, दारू प्यालेला. दांडका थेट त्याच्या टाळक्यात बसतो.

दार तेच, दांडका तोच, पोरगाही तोच. बदलतो तो फक्त उंबऱ्यावरचा माणूस. परिस्थिती कायम ठेवली की माणसांतला फरक प्रेक्षक स्वतः मोजतो, आणि स्वतः मोजलेलं तो विसरत नाही. ही युक्ती कमी पैशांत काम करणाऱ्यांसाठी तर वरदान आहे, कारण कॅमेरा आणि लाइट न हलवता तीन पात्रांचं काम एकाच सेटअपमध्ये होतं. सोसायटीच्या लिफ्टचं बिघडलेलं दार घ्या आणि तीन शेजाऱ्यांना ते उघडायला लावा. एक जण लाथ मारेल, एक जण मुकाट्याने जिना चढेल, एक जण वॉचमनला हाक मारेल. तीन शेजारी तयार झाले.

हेच तत्त्व आपल्याकडे त्याआधी दिसतं. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. सुरुवातीला तुकोबा स्थिर बसून अभंगात बुडालेले दिसतात. मग तुकोबांचा मत्सर करणारा सालोमालो येतो तो तोच अभंग आपला म्हणून देवळात लोकांसमोर हावभाव करत गाताना. अभंग एकच, बसणं-उभं राहणं वेगळं, समोरचा माणूस वेगळा. खोटेपणा सिद्ध करायला वाद घालावा लागत नाही. प्रभातच्या पुण्यातल्या त्याच आवारात पुढे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे शिकणाऱ्यांनी तरी हा प्रसंग मांडणीसाठी म्हणून पुन्हा पाहावा असं मला मनापासून वाटतं.

उंची, आणि कोणाची नजर

‘शोले’ (१९७५) मधला सांबा. वर खडकावर बंदूक घेऊन बसलेला, खाली गब्बर येरझाऱ्या घालतो आहे. गब्बर सरकारी इनामाची रक्कम विचारतो, सांबा वरून तीन शब्दांत सांगतो. मॅकमोहन यांना आयुष्यभर लोक त्या तीन शब्दांनी ओळखत राहिले. शब्दांइतकाच तो खडकही त्याला कारण आहे. सगळी टोळी जमिनीवर, हा एकटा वर. आपल्या सरदाराच्या डोक्यावर बसण्याची मुभा ज्याला आहे तो पहारेकरी विश्वासाचाच असणार, हे आपण न सांगता मान्य करतो. त्याला टोळीत खाली उभं करून तेच वाक्य म्हणायला लावलं असतं तर आज त्याचं नाव कोणाला आठवलं नसतं.

तुमच्याकडे खडक नसेल, पण जिना, ओटा, टेम्पोची मागची फळी, शिडी, माळा यांतलं काहीतरी असतंच. लोकेशन पाहायला जाल तेव्हा माणूस बसू शकेल अशी प्रत्येक उंची टिपून ठेवा.

नजरेचं काम जास्त नाजूक आहे. राय यांच्या ‘चारुलता’ (१९६४) च्या सुरुवातीला एकटी चारू दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जात रस्त्यावरची माणसं पाहते. त्यात छत्री घेतलेला एक जाडगेला माणूस चाललेला असतो. खिडकीच्या फळ्यांआडून तो दिसतो, सुटतो, पुढच्या खिडकीतून पुन्हा सापडतो. त्याच्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही, कळायला नकोच आहे. मग नवरा भूपती वऱ्हांड्यातून पुस्तकात डोकं घालून तिच्या जवळून जातो, तिच्याकडे बघत नाही, आणि चारू त्यालाही दुर्बिणीतून पाहते. छत्रीवाला आला तो एवढ्यासाठी. रस्त्यावरचा अनोळखी माणूस आणि घरातला नवरा एकाच काचेतून पाहिले गेले की दोघांमधलं अंतर किती कमी आहे ते कळतं.

म्हणून पात्र आणण्याआधी विचारा की याला कोण पाहतं आहे. कोणीच पाहत नसेल तर कॅमेरा पाहतो आहे, आणि मग तिथे कॅमेऱ्याला काय काम आहे याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

अनेक लहान पात्रं एकदम आणायची असतील तर हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ (१९५४) पाहा. अंगणापलीकडच्या प्रत्येक बिऱ्हाडाची खिडकी हीच त्याची चौकट आणि प्रत्येकाचं सकाळचं एकेक काम. दाढी करणारा संगीतकार, उकाड्यामुळे बाहेरच्या लोखंडी जिन्यावर झोपलेलं जोडपं, कॉफी करता करता व्यायाम करणारी नर्तकी. मुंबईच्या चाळीत शूटिंग करणाऱ्याला यापुढे फार काही सांगायची गरज नाही.

आता आपला सीन

तलाठी कार्यालय घेऊ. दहा बाय बारा फुटांची खोली. एक म्हातारी वारस नोंदीसाठी आली आहे. तलाठी आहे आणि कागद लावणारा कोतवाल आहे. तिची कागदपत्रं कुठे आहेत हे कोतवालाला ठाऊक आहे, पण साहेबांसमोर त्याला बोलता येत नाही. हे एकाही वाक्याशिवाय कळवायचं आहे.

कॅमेरा दाराजवळच्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. तलाठी कॅमेऱ्यापासून पाच फुटांवर, उजवीकडे, टेबलाशी बसलेला, अर्धा पाठमोरा. म्हातारी सात फुटांवर डावीकडे, उभी. समोर खुर्ची आहे पण तिला बस म्हटलेलं नाही, ती खुर्ची रिकामीच राहू द्या. कोतवाल अकरा फुटांवर, कपाटापाशी, त्या दोघांच्या मधल्या फटीत नेमका दिसेल असा, दप्तराचा गठ्ठा सुतळीने बांधताना. तिघांच्या जागी जमिनीवर टेप लावा. ही फट दोन-तीन इंचांनी बिघडते.

तलाठी म्हणतो, नोंद सापडत नाही. त्या क्षणी कोतवालाचे हात थांबतात. तो वर बघत नाही. दोन सेकंदांनी पुन्हा गाठ मारायला लागतो. म्हातारी तलाठ्याकडे पाहत असल्याने तिला हे दिसत नाही, आपल्याला दिसतं.

हे खरंच दिसावं यासाठी तीन गोष्टी सांभाळा. डोळा आधी हालचालीकडे जातो, म्हणून हात थांबण्याच्या क्षणी बाकी दोघांनी बिलकुल हलायचं नाही. तलाठ्याने तेव्हाच पान उलटलं की सगळं गेलं. दुसरं, डोळा उजेडाकडे जातो. कपाट खिडकीजवळ घ्या, किंवा मागे एक लाइट जास्त ठेवा आणि तलाठ्यावरचा कमी करा. तिसरं, कोतवालाला याआधी किमान सात-आठ सेकंद गठ्ठे बांधताना दाखवा. सतत चाललेलं काम आधी डोळ्यात बसलं तरच त्याचं थांबणं कळतं.

फोकसचं म्हणाल तर टोलंड यांनी लहान अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र), वाइड लेन्स आणि भरपूर उजेड यांच्या जोरावर पुढचं-मागचं एकदम स्पष्ट ठेवलं. ‘केन’मधले काही शॉट मात्र दोन प्रतिमा एकत्र करून बनवलेले आहेत, त्यामुळे तसं सगळंच सेटवर जमलं पाहिजे असं मानू नका. आपल्या खोलीत फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २८ एमएमची लेन्स, अॅपर्चर एफ ८ आणि फोकस म्हातारीवर एवढं केलं की तिघंही पुरेसे स्पष्ट येतात. मोबाइलवर तर हे आणखी सोपं, कारण सेन्सर लहान असतो. पार्श्वभूमी धूसर करणारा मोड तेवढा बंद ठेवा. अल्ट्रावाइड लेन्स वापरत असाल तर चेहरा कडेला ठेवू नका, ताणला जातो.

हे बसवायला तालीम लागते. कॅमेरा न लावता पाच-सहा वेळा करा, आणि दरवेळी असिस्टंटला कॅमेऱ्याच्या जागी उभं करून फक्त कोतवालावर नजर ठेवायला सांगा. क्लोज-अपचा मोह इथे होणारच: हात थांबलेले, सुतळी, बोटं. घेऊन ठेवायचा असेल तर घ्या, पण आधी मास्टर शॉट, म्हणजे तिघंही दिसतात तो अख्खा शॉट, आवाज बंद करून सीन माहीत नसलेल्या कोणाला तरी दाखवा आणि विचारा, तिघांपैकी कोणाला काय माहीत आहे? तिसऱ्या माणसाचं नाव आपणहून निघालं तर क्लोज-अप काढून टाका. नाही निघालं तर आधी फट तपासा, मग उजेड, मग तलाठ्याची हालचाल. बहुतेक वेळा दोष या तीन गोष्टींतच सापडतो आणि लेखन बदलावं लागत नाही.

शेवटचं काम एडिटवर. कोतवाल पुढच्या सीनमध्ये पुन्हा दिसणार असेल तर पहिल्यांदा त्याच कोनातून, त्याच कपाटापाशी दाखवा, म्हणजे ओळख लगेच पटते. म्हातारीला बाहेर गाठून तो जेव्हा कागदाचा ठावठिकाणा सांगेल, तेव्हा त्याला प्रथमच कपाटापासून तोडा, लेन्सजवळ आणा आणि म्हातारीच्या खांद्याला खांदा लावून उभा करा. तिथे त्याला वाक्य द्या.